पाव किलोचा जीव आणि आपला धर्मादा

संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ज्याने चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्वारी, गहू, तांदूळ व कडधान्ये यांचा घाऊक व्यापार केला, त्याने बाजार समितीचे नियम, वस्तू व सेवा कर, अथवा वखारीतील कीड यांविषयी चार अनुभवाच्या गोष्टी सांगाव्यात, हेच कोणासही योग्य वाटेल. तथापि गेल्या वार्षिक सभेत जीवदया निधीच्या विनियोगाविषयी जी चर्चा झाली, तीमधील एका सभासद बंधूंचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. ते म्हणाले, "पांजरपोळास देणगी दिली तर समजते. परंतु रानातील माकडासाठी व्यापाऱ्याने पैसा का द्यावा? माकडे आधीच आपली पोती फाडतात!" सभागृहात हशा पिकला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो.

घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली. कारण याच विषयात आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली आहे, आणि ती आजवर आम्ही घराबाहेर कोणास सांगितलेली नाही. व्यापारात तोटा लपविणारा पुन्हा तोटाच करतो, हे आपण सर्व जाणतो. म्हणून आज ते खाते वाचकांपुढे उघडतो.

पुण्याचा सौदा

ही गोष्ट 1984 सालची. मॅट्रिक होऊन आम्ही वडिलांच्या गादीवर बसू लागलो त्यास सात-आठ वर्षे झाली होती. दुकान तेव्हा बेळगावच्या रविवार पेठेत होते. महावीर जयंतीचा दिवस होता. मंदिरातून परतून आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे असता एक फिरस्ता आला व त्याने वेताची करंडी पुढे ठेवली. आत एका वाळक्या डहाळीस चार हातांनी घट्ट धरून एक इवलासा प्राणी बसला होता. अंगाने वीतभर, हातपाय काटक्यांसारखे, शेपूट नाही, आणि तोंडावर डोळेच डोळे. उन्हामुळे ते डोळे त्यास उघडवत नव्हते.

"सावकार, आज तुमचा मोठा दिवस आहे," तो म्हणाला. "हा जीव सोडवा, पुण्य लागेल. तुम्ही घेतला नाहीत तर डोळ्यांच्या औषधासाठी याला दुसरे गिऱ्हाईक तयार आहे."

आम्ही पन्नास रुपये मोजले. गोव्याकडे तांदळाची एक गाडी निघणार होती. तीतच करंडी घेऊन आम्ही बसलो. अनमोडच्या घाटात भर दुपारी रस्त्याकडेच्या एका झाडावर त्यास सोडावयास निघालो, तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सावकार, हा रात्रीचा जीव दिसतो. उन्हात सोडू नका. अंधार पडेपर्यंत थांबू या." परंतु गाडी वेळेवर पोचावयाची होती, आणि पुण्यकर्म दिवसाउजेडीच व्हावे असा आमचा आग्रह होता. आम्ही त्यास फांदीवर ठेवले. तो जागचा हलेना. दोन मिनिटांत कावळे जमले. आम्ही गाडीत बसलो. पुढल्या वळणापर्यंत कावळ्यांचा कलकलाट ऐकू येत होता. पुढे काय झाले असेल, याविषयी आम्ही स्वतःची फारशी समजूत घालू शकलो नाही.

पंधरा दिवसांनी तोच मनुष्य पुन्हा दुकानी आला. या वेळी त्याच्याजवळ दोन करंड्या होत्या. आमचे वडील, ज्यांस आम्ही आप्पा म्हणत असू, गादीवरच होते. त्यांनी त्यास परत पाठविले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "तू जीव सोडविला नाहीस. तू मालाला उठाव दिलास. उठाव असला की आवक होतेच; इतकी वर्षे गादीवर बसून तुला एवढे कळू नये?"

धान्याच्या व्यापारात जे आम्हांस रोज दिसत होते, ते धर्माच्या कामात आम्हांस दिसले नव्हते. आमच्या पन्नास रुपयांनी एक जीव मोकळा झाला असे आम्ही समजत होतो. वस्तुतः त्या पन्नास रुपयांनी आणखी दोन जीव पकडले गेले. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालीच झाला होता, आणि अशा प्राण्याची खरेदी करणारा विक्रेत्याइतकाच दोषी ठरतो, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. आज हा प्राणी त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याची शिकार अथवा खरेदी-विक्री करणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

रानातले बाळ

तो प्राणी म्हणजे लोरिस, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. कन्नड भाषिक त्यास 'काडुपापा' म्हणतात. काडू म्हणजे रान व पापा म्हणजे बाळ. ज्याने एकदा त्याचे तोंड पाहिले त्यास हे नाव कोणी का ठेवले असेल, ते सांगावे लागत नाही. तमिळ प्रांतात त्याचे नाव 'तेवांगु' असे आहे.

लोरिस हा माकड नव्हे. परंतु माकड, वानर आणि मनुष्य ज्या नरवानर गणात मोडतात त्याच गणातील तो एक फार जुना नातलग आहे. मादागास्कर बेटावरील लेमूर त्याचे दूरचे भाऊबंद होत. सडपातळ लोरिसाच्या दोन जाती शास्त्रज्ञ मानतात. तांबूस जात केवळ श्रीलंकेत आढळते; करडी जात दक्षिण भारतात व श्रीलंकेत. भारतातील करड्या लोरिसाचे पुन्हा दोन प्रकार आहेत. एक म्हैसूरकडचा, जो कोरड्या, काटेरी रानात राहतो; दुसरा मलबारकडचा, जो पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलात राहतो. 1984 साली आम्ही घाटात सोडलेला प्राणी कोणत्या मुलखातून आणलेला होता, हे आम्ही त्या माणसास विचारलेही नव्हते. कोरड्या रानातील जीव जर आम्ही धो-धो पावसाच्या जंगलात सोडला असेल, तर कावळ्यांपासून वाचूनही त्याचे काय झाले असते?

या प्राण्याचे वजन पाव किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमीच. आपल्या तागडीत तुरीची डाळ मापताना जे लहान वजन आपण टाकतो, तेवढा हा जीव. दिवसभर तो झाडाच्या दाटीत अंगाचे मुटकुळे करून झोपतो. अंधार पडला की निघतो, आणि एकेक हात, एकेक पाय पुढे टाकीत, फांदीही हलू न देता मुंग्या, वाळवी, भुंगे व इतर किडे टिपतो. माकडाप्रमाणे लांब उड्या मारणे त्यास साधत नाही. म्हणून एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडास लागलेली असणे, हेच त्याचे जीवन. मध्ये रस्ता आला, तार आली, वा उघडे रान आले, की त्यास खाली जमिनीवर उतरावे लागते. आणि तेथे कुत्रे आहेत, वाहने आहेत, माणसे आहेत. मादी साडेपाच महिने पोटात वाढवून एक किंवा दोन पिले देते. अशा सावकाश वाढणाऱ्या वंशात एकदा घट आली की ती भरून निघण्यास फार काळ लागतो.

त्याच्या नाशाचे दुसरे कारण आपल्या मनात आहे. रात्री वाटेत लोरिस दिसणे अशुभ, असे काही ठिकाणी मानतात. त्याचे डोळे औषधी असतात, त्याच्या शरीराचे भाग करणीस उपयोगी पडतात, अशा समजुतींपायी कित्येक लोरिस मारले गेले आहेत. मोठे डोळे त्यास अंधारात पाहण्यासाठी मिळाले. तेच त्याच्या जिवावर उठले.

आपल्या चोविसांपैकी चौथे तीर्थंकर भगवान अभिनंदननाथ यांचे लांछन वानर आहे. मंदिरात त्या मूर्तीच्या पीठावर कोरलेल्या चिन्हापुढे आपण रोज मस्तक नमवितो. ज्यांच्या चरणांशी वानरास स्थान मिळाले, त्यांच्या अनुयायांस नरवानर गणातील सर्वांत लहानग्यांपैकी एकाविषयी काही कर्तव्य असू नये काय?

कडवूरच्या टेकड्या

आता या प्राण्याच्या रक्षणासाठी कोठे काय घडले ते पाहू. तमिळनाडूच्या करूर व दिंडिगल या जिल्ह्यांच्या सीमेवर कडवूरच्या कोरड्या टेकड्या आहेत. मोठ्या वृक्षांचे घनदाट जंगल येथे नाही. काटेरी झुडुपे, खुरटी झाडे, आणि भोवती शेतकऱ्यांची शेते. अशा मुलखास रान म्हणावयासही कोणी तयार होत नाही. परंतु 1997-98 मध्ये अ‍ॅना नेकारिस या संशोधक विदुषीने दिंडिगल जिल्ह्यातील अय्यलूर भागात रात्रीमागून रात्री जागून लोरिसाचा अभ्यास केला. हा प्राणी जवळजवळ संपूर्णपणे किड्यांवर जगतो, हे तिच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. पुढे भारतीय संशोधकांनीही याच भागात काम केले, आणि ज्यास आपण पडीक म्हणतो तो मुलूख लोरिसाचे मोठे घर आहे, हे जगापुढे आले.

दिनांक 12 ऑक्टोबर 2022 रोजी तमिळनाडू शासनाने तेथील 11,806 हेक्टर क्षेत्र कडवूर लोरिस अभयारण्य म्हणून घोषित केले. केवळ लोरिसासाठी राखलेले हे देशातील पहिलेच अभयारण्य. वाघ, हत्ती, सिंह यांच्यासाठी अभयारण्ये पुष्कळ झाली. पाव किलोच्या जीवासाठी असे प्रथमच घडले.

परंतु शासकीय राजपत्रात नाव छापले म्हणजे काम संपले असे नव्हे. रेषेच्या अलीकडचे शेत शेतकऱ्याचे व पलीकडचे झुडूप शासनाचे. लोरिसास ती रेषा दिसत नाही. तो बांधावर येतो, कुंपणात झोपतो. बांध जाळावयाचा की राखावयाचा, हे ठरविणारा शेतकरीच असतो. म्हणून अशा प्रत्येक कामाचे यश शेवटी गावकऱ्यांच्या मनावर अवलंबून राहते.

बंगळूर शहराचे उदाहरण याहून निराळे आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात व इतर जुन्या वृक्षराजीत लोरिस अद्याप टिकून आहे. 2014 च्या सुमारास तेथे नागरिकांच्या साहाय्याने शहरी लोरिसाची पाहणी सुरू झाली. विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी अशी माणसे रात्री लाल प्रकाशाची बत्ती घेऊन झाडे न्याहाळू लागली. कारण लाल प्रकाशाने त्या डोळ्यांस त्रास कमी होतो. ज्याने एक रात्र मान वर करून लोरिस शोधला, तो आपल्या गल्लीतील झाड तुटू लागले तर गप्प बसत नाही. लोकमत तयार होते ते असे.

नोटेवरचे माकड

लोकमत कसे घडवावे, याचा सर्वांत मोठा वस्तुपाठ मात्र फार दूरचा आहे. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात, रिओ द जानेरोजवळील किनारी जंगलात, सोनेरी केसांचे एक लहान माकड राहते. तेथील पोर्तुगीज भाषेत त्याच्या नावात 'दोरादो' हा शब्द येतो. गोव्यातील वडीलधाऱ्यांस त्याचा अर्थ सांगावयास नको. सोन्यासारखे ते दोरादो. मानेभोवती सिंहासारखी आयाळ असल्याने आपण त्यास सोनेरी सिंहमर्कट म्हणू. वजन अर्धा ते पाऊण किलो.

ऊस, कॉफी आणि गुरांची कुरणे यांसाठी तेथील जंगल तोडले गेले, आणि सुंदर दिसते म्हणून हे माकड पकडून विकले गेले. 1970 च्या सुमारास रानात अवघे दोनशेच्या आसपास उरले, असा अदेल्मार कोइंब्रा-फिल्यो या ब्राझिली शास्त्रज्ञाचा अंदाज होता. त्यांच्या प्रयत्नांमुळे 1974 साली पोसो दास अंतास हे राखीव क्षेत्र झाले. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील डेव्हरा क्लायमन यांनी निरनिराळ्या देशांतील प्राणिसंग्रहालयांस एकत्र आणले, आणि 1984 पासून संग्रहालयात जन्मलेली माकडे रानात सोडण्यास आरंभ झाला.

येथे आम्ही वाचताना थबकलो. कारण त्या सुशिक्षित, साधनसंपन्न लोकांनी सोडलेल्या पहिल्या माकडांपैकीही बहुतेक दगावली. पिंजऱ्यात वाढलेल्या जीवास भक्ष्य शोधणे, फांद्यांवरून मार्ग काढणे, शत्रू ओळखणे ठाऊक नव्हते. म्हणजे सोडणे वेगळे आणि वाचविणे वेगळे. फरक एवढाच, की त्यांनी मागे राहून प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली, पद्धत सुधारली, सोडलेल्या माकडांस काही काळ अन्न पुरविले. आणि आम्ही मात्र गाडीत बसून निघून गेलो होतो.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती अधिक महत्त्वाची. रानात माकड सोडण्याच्या आधीच, 1983 पासून, लू अ‍ॅन डिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालच्या लोकांत काम सुरू केले. त्यांनी प्रथम उपदेश केला नाही, प्रथम विचारले. लोकांस या प्राण्याविषयी काय माहीत आहे, काय वाटते, जंगलाचा त्यांस काय उपयोग वा उपद्रव होतो, हे जाणून घेतले. नंतर शाळा, सभा, आकाशवाणी, भित्तिपत्रके, सहली अशा मार्गांनी माहिती पसरविली. रानातील देखरेखीच्या कामावर त्याच भागातील माणसे घेतली व शिकवून तयार केली.

परंतु उरलेले बरेचसे जंगल खाजगी जमीनदारांच्या मालकीचे होते. गुरे पाळणारा जमीनदार माकडासाठी रान का राखील? कार्यकर्ते त्यांच्याकडे गेले आणि रानात सोडावयाच्या माकडांचे कळप त्यांच्याच जमिनीवरील जंगलात ठेवण्यास त्यांची संमती मागितली. ज्याच्या जमिनीत असा कळप राहू लागला, त्यास ती मानाची गोष्ट वाटू लागली. पुढे कित्येकांनी आपल्या मालकीचे जंगल कायमचे राखीव म्हणून नोंदविले. 1992 साली ब्राझिली लोकांची स्वतःची संस्था या कामासाठी उभी राहिली. आणि 2002 साली ब्राझीलने वीस रेआलची नवी नोट काढली, तिच्यावर या माकडाचे चित्र छापले. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात, भाजीवालीच्या पदरात, कामगाराच्या खिशात ते माकड रोज जाऊ लागले. याहून मोठी जाहिरात कोणती असू शकेल?

2014 साली रानातील संख्या 3,700 च्या घरात गेली. त्यानंतर पीतज्वराची साथ आली आणि 2018 पर्यंत ती 2,500 वर उतरली. तीस वर्षांची शिल्लक दोन वर्षांत एवढी घटली! परंतु काम करणारी माणसे जागेवर होती. त्यांनी माकडांस लस टोचण्यास आरंभ केला. तेथील मोठ्या महामार्गावर जंगलाचे दोन तुकडे जोडणारा, झाडे लावलेला पूल 2020 मध्ये पुरा झाला. 2023 सालच्या गणतीत संख्या 4,800 भरली. मंदीत ज्याची पेढी उघडी राहते, त्याचाच व्यापार पुन्हा वर येतो. येथेही तेच झाले.

आपल्या वाटेवरचे रान

वाचक म्हणतील, ब्राझील कोठे आणि बेळगाव कोठे! परंतु बेळगावहून पणजीस आपला जो माल जातो, तो ज्या रानातून जातो त्याचे नाव आपण कधी नीट वाचले आहे काय? अनमोडचा घाट उतरून मोलेकडे येताना रस्त्याकडेस फलक लागतो: भगवान महावीर अभयारण्य. 1969 साली मोले अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रानास पुढे भगवंतांचे नाव दिले गेले. त्याचे क्षेत्र 240 चौरस किलोमीटर असून त्यातील 107 चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान आहे. त्या जंगलातील प्राण्यांच्या यादीत लोरिसाचे नाव आहे. आम्ही त्या फलकावरून शेकडो वेळा गेलो असू. भगवंतांच्या नावाच्या रानातून भगवंतांच्या अनुयायांचा माल रात्रंदिवस जातो, आणि त्या रानातील जीवांविषयी आपल्या संघाच्या इतिवृत्तात एक ओळही नाही.

आम्ही कोणाची फसवणूक करू इच्छीत नाही. लोरिस किडे खातो हे खरे. पण म्हणून तो आपल्या वखारीतील सोंडे किंवा तुमच्या शेतातील अळी संपवील, असा फायदा आम्ही सांगणार नाही. जे रान तो वापरतो तेच रान आपल्या नद्यांचे पाणी धरून ठेवते, एवढे सांगणे सत्यास धरून होईल.

तसेच आम्हांस चांगला रस्ता हवा आहे, हेही लपविण्याचे कारण नाही. घाटात गाडी अडकली की माल भिजतो, भाडे वाढते, गोव्यातील गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मोलेच्या जंगलातून जाणारा महामार्ग रुंद करणे, लोहमार्ग दुहेरी करणे व विजेची मोठी वाहिनी नेणे या तीन कामांविरुद्ध 2020 साली गोव्यातील विद्यार्थी, शास्त्रज्ञ व नागरिक यांनी मोठी चळवळ केली, तेव्हा आमच्या बाजारात त्या मुलांविषयी फारसे चांगले बोलले गेले नाही. आम्हीही बोललो नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी लोहमार्गास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, तेव्हा आम्ही ते प्रकरण पहिल्यांदा शांतपणे वाचले. रस्ता हवा हे जितके खरे, तितकेच तो कसा व्हावा याविषयी बोलण्याचा व्यापाऱ्यास अधिकार आहे हेही खरे. वाहतुकीचे भाडे आपण भरतो. मग रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या जुळत्या ठेवाव्यात, नसतील तेथे झाडांवरून जाण्यास दोरांचे पूल बांधावेत, हे आपण का मागू नये? तमिळनाडूतील वालपराई येथे सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल बांधले गेले आहेत आणि माकडे ते वापरतात.

काय करता येईल

आपल्या धंद्यात धर्मादा काढण्याची चाल जुनी आहे. पोत्यामागे काही पैसे बाजूस काढून पूर्वजांनी पांजरपोळ, पाणपोया व धर्मशाळा चालविल्या. तो पैसा एका व्यापाऱ्याचा नव्हता. सौद्यात भाग घेणाऱ्या सर्वांचा होता, म्हणूनच त्या संस्था सर्वांस आपल्या वाटल्या. लोकमत तयार करण्याची ही आपली स्वतःचीच रीत आहे. तिचाच आधार घेऊन आम्ही काही सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना, सोडून देण्यासाठी म्हणून कोणीही पकडलेला पक्षी वा प्राणी विकत घेऊ नये. महावीर जयंतीच्या व पर्युषणाच्या दिवसांत ही विनंती प्रत्येक मंदिराच्या फलकावर लिहावी. असा विक्रेता दिसल्यास पैसे न देता वनखात्यास कळवावे. अभयदान हे श्रेष्ठ दान खरे. पण ज्या दानाने दुसऱ्या जीवावर फासा पडतो, ते अभयदान नव्हे.

दुसरी सूचना आमच्या ड्रायव्हरबंधूंविषयी. 1984 साली जे आम्हांस कळले नाही ते आमच्या ड्रायव्हरने एका नजरेत ओळखले होते. रात्रीच्या घाटाची माहिती त्यांच्याइतकी कोणास असणार? अभयारण्याच्या हद्दीत गाडी सावकाश चालवावी, भोंगा वाजवू नये, अन्नाचे उष्टे टाकू नये, आणि रस्त्यावर जीव दिसल्यास वा मेलेला आढळल्यास जागा व वेळ लिहून ठेवावी. अशी नोंदवही प्रत्येक गाडीत संघाने द्यावी. उशीर झाला म्हणून त्यांच्या भाड्यात कपात करावयाची नाही, एवढे मात्र आपण कबूल केले पाहिजे. नाहीतर उपदेश त्यांचा आणि घाई आपली, असे होईल.

तिसरी सूचना प्रसिद्धीची. ब्राझीलने नोटेवर माकड छापले. नोट छापणे आपल्या हाती नाही. परंतु दिनदर्शिका, हिशेबाच्या वह्या, कापडी पिशव्या आणि तांदळाची बारदाने आपण दरवर्षी हजारोंनी छापतो. त्यांवर काडुपापाचे चित्र व खाली मराठी, कन्नड आणि कोकणीत दोन ओळी छापण्यास शाईपलीकडे खर्च नाही. आपले पोते जेथे जाईल तेथे ते चित्र जाईल.

चौथी सूचना, निधीतून दरवर्षी एक लहानशी रक्कम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस द्यावी, म्हणजे वनखात्याच्या परवानगीने व जाणकारांच्या देखरेखीखाली ते रात्रीची पाहणी करतील. आपल्या भागात लोरिस कोठे व किती आहेत, हे आधी मोजले पाहिजे. माल न मोजता भाव ठरविणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

पांजरपोळाचा एक पैसाही कमी न करता हे सर्व होऊ शकते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ज्या बंधूंनी सभेत तो प्रश्न विचारला त्यांच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. प्रश्न रास्त होता, आणि ब्राझीलमधील कार्यकर्त्यांनीही लोकांचे असेच प्रश्न आधी ऐकून घेतले होते. पोती फाडणारे माकड निराळे व हा निराळा, एवढेच उत्तर पुरे नाही. खरे उत्तर असे, की जो आपणांस उपद्रव देत नाही, उपयोगही देत नाही, ओळखही देत नाही, त्याच्याविषयी आपण काय करतो, यावरूनच आपल्या जीवदयेचे माप ठरते.

आमचे आप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांनी त्या दिवशी आम्हांस रागावून दुसरे काही सांगितले नाही. फक्त त्या पन्नास रुपयांची नोंद धर्मादा खात्यात करू दिली नाही. "ही रक्कम तुझ्या नावे लिही," असे ते म्हणाले. ती वही आमच्यापाशी अजून आहे. येत्या वार्षिक सभेत या कामासाठी संघाने निधी उघडल्यास त्यातील पहिली पावती आमच्या नावे फाडावी, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. जुनी बाकी फेडल्यावाचून वही बंद करणे व्यापाऱ्यास शोभत नाही.